नमुन्यातली ओळ

"तुमचा हा वाचणारा आंधळा आहे का ओ, आगाशे?" पद्मजानं विचारलं.

"आंधळा नाही. त्याला डोळेच नाहीत. तो माणूसच नाही."

"मग सोपं आहे की," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसली. "दाखवा बघू काय लिहिलंय ते."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. कोल्हापुरात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं छोटंसं ऑफिस होतं, आणि माणसांच्या फायली क्लाउडवर चढवून देणारं एक टूल मी तयार केलं होतं. ते वापरणार होते एआय एजंट. हे प्रकरण त्या काळी नवंच होतं. माणसानं नुसतं 'एवढं करून टाक' म्हणायचं आणि एजंटनं आपलं आपण सूचना वाचून काम उरकायचं. त्या सूचना लिहिणं माझ्याकडे आलं होतं. टूल करणाऱ्याला टूलबद्दल लिहिता येतं असा आमचे मालक मगदूम सर यांचा गोड गैरसमज होता. माझी तीन पानं वाचून एजंट असा काही गोंधळला, की एकच फाइल पुन्हा पुन्हा चढवत बसला. शेवटी सरांनी पद्मजा चौगुलेला आणलं. त्याआधी ती पाण्याच्या मोटारींची माहितीपत्रकं लिहायची.

तिनं माझी पानं वाचली आणि पहिल्याच वाक्यावर बोट ठेवलं.

"'फाइल योग्य ठिकाणी ठेवावी.' योग्य म्हणजे कुठं?"

"ते कळतं की संदर्भानं."

"तुम्हाला कळतं. पाठीमागच्या माणसाला कसं कळणार?"

"पाठीमागचा कोण?"

"अण्णांचा माणूस," ती म्हणाली आणि हसली. "आमचे अण्णा कुस्तीच्या मैदानात निवेदन करायचे. लाल माती, भोवती माणसांचा हा गराडा. पुढच्या चार रांगांना कुस्ती दिसते. मागचा माणूस टाचा उंचावून दमतो, त्याला नुसत्या टोप्या दिसतात. अण्णा म्हणायचे, मी पुढच्यासाठी बोलतच नाही. मी मागच्यासाठी बोलतो. कुणी पट काढला, कुणाचा हात कुठं अडकला, कोण वर, कोण खाली. त्याला माझ्या तोंडातनं कुस्ती दिसली पाहिजे. तुमचा एजंट म्हणजे मागचा माणूसच की. मी बघतो काय करायचं ते."

'मी बघतो' असंच म्हणाली ती. कोल्हापूरच्या मुली 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. मी पुण्याचा, मला सुरुवातीला गंमत वाटायची. पुढे पुढे मला पुण्यातल्या मुलींचं बोलणं नाजूक वाटायला लागलं.

तिची लिहायची तऱ्हा निराळीच होती. प्रत्येक वाक्य ती आधी मोठ्यानं म्हणायची, हात हलवत, भुवया उडवत, जणू खाली कुस्ती लागली आहे. वाक्य म्हणताना अडखळली की खोडायची. फाइल केवढी असावी, नाव कसं द्यावं, मध्येच नेट गेलं तर पुन्हा कुठून सुरुवात करावी, सगळं असं लिहिलं की वाचून मलाच माझं टूल नव्यानं समजलं. एजंटही वळणावर आला. मगदूम सर इतके खूश झाले की त्यांनी सगळ्यांना मिसळ मागवली आणि माझ्या जुन्या तीन पानांवर तिची वाटी ठेवली.

अण्णांना मी तिच्या घरीच पहिल्यांदा भेटलो. इचलकरंजीच्या वाटेवरच्या एका गावात त्यांचं घर होतं. दारातच उंचापुरा माणूस उभा, गळ्याभोवती पांढरा स्वच्छ रुमाल. घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. स्वरयंत्र काढलं होतं आणि श्वास गळ्याला पाडलेल्या छिद्रातून चालायचा. अण्णा नुसते ओठ हलवायचे. आवाजाचा टिपूस नसायचा. पद्मजा त्यांच्या ओठांकडे बघून ते मोठ्यानं म्हणायची. बापलेकीचं ते इतकं सराईतपणे चालायचं, की थोड्या वेळानं अण्णाच बोलताहेत असं वाटायचं.

अण्णांनी मला नीट न्याहाळलं आणि ओठ हलवले.

"अण्णा म्हणतायत, पुण्याचा पैलवान अंगानं बारीक आहे."

मी म्हणालो, "मी चटणी-भाकरी खायला आलोय, कुस्ती खेळायला नाही."

अण्णांचे खांदे हलले. हसले की त्यांच्या रुमालाखाली नुसती फुसफुस व्हायची.

त्यांच्या आवाजाचं वेड मला पद्मजामुळे लागलं. ऑपरेशनच्या आधी तो आवाज जपून ठेवायचं कुणाला सुचलंच नव्हतं. अण्णा बोलतच होते, त्यात जपायचं काय? आता ती सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढून गावोगाव हिंडायची. कुणाच्या जुन्या मोबाइलमध्ये पाच मिनिटं सापडायची, कुणी जत्रेतली कॅसेट काढून द्यायचा. सगळ्यात मोठा साठा होता बापू स्पीकरवाल्याकडे. मैदानांना कर्णे पुरवणारा हा माणूस, त्यानं हौसेनं अख्खी मैदानं टेप केली होती. बुरशी धरलेल्या त्या फिती पद्मजानं एका स्टुडिओतून साफ करून आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतल्या. तिनं मला त्यातला तुकडा ऐकवला. "मंडळी, बसून घ्या, मागच्या माणसाला दिसंना झालंय," एवढंच वाक्य होतं, पण त्या आवाजावर अख्खं मैदान खाली बसल्याचं मला ऐकू आलं.

तेवढ्यात माणकेवाडीच्या जत्रा कमिटीचं बोलावणं आलं. यंदाच्या मैदानात अण्णांचा सत्कार करायचा होता. शेवटच्या मोठ्या कुस्तीआधी त्यांचंच जुनं निवेदन कर्ण्यावर लावायचं, असं ठरत होतं. अण्णा ऑपरेशननंतर एकाही मैदानात गेले नव्हते. हलगीचा आवाज आला तरी खिडकी लावून घ्यायचे. पद्मजानं विचारलं तेव्हा मी तिथंच होतो. अण्णांनी आधी खिडकीकडे पाहिलं, मग ओठ हलले.

"अण्णा म्हणतायत, येतो." त्यांच्या ओठांवरची नजर न काढता ती पुढं बोलली. "म्हणतायत, जन्मभर स्टेजवर उभा राहून बोललो. मागं बसून ऐकायला कसं वाटतं ते कधी कळलं नाही. एकदा माझं मला ऐकू दे, मागं बसून."

त्या दिवसापासून अण्णा बदलले. फेटा धुवायला टाकला, कोल्हापुरी चपला पॉलिश करून घेतल्या. लग्नघरासारखी लगबग सुरू झाली.

इकडे ऑफिसात सूचनांचं काम संपत आलं होतं. फक्त नमुना राहिला होता. टूल कसं वापरायचं याचं एक उदाहरण द्यायचं, ते बघून एजंटनं तसं करायचं. मगदूम सर म्हणाले, "नमुन्यातली फाइल तात्पुरती ठेवा. लोक गंमत म्हणून नमुना चालवून बघतात आणि तो सगळा कचरा आपल्या बोडक्यावर राहतो."

सरांचं म्हणणं रास्तच होतं. पद्मजानं नमुन्यात एक ओळ घातली, 'तात्पुरती: होय'. त्याखाली स्वच्छ लिहिलं की अशी फाइल थोड्या दिवसांनी आपोआप पुसली जाते, कायम ठेवायची असेल तर 'नाही' लिहावं. मी वाचलं, सरांनी वाचलं. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. आजही नाही.

तिचा लॅपटॉप तोवर काठोकाठ भरला होता. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं मला हाक मारली.

"बघा आगाशे, मजा. माझं लिहिणं मीच वापरतो." आणि तिनं एजंटला सांगितलं, "अण्णांची सगळी रेकॉर्डिंग क्लाउडवर चढव. चढली याची खात्री झाली की इथली जागा मोकळी कर."

आम्ही दोघं डबा खात पडद्याकडे बघत बसलो. एजंटनं तिची पानं वाचली. एकेक फाइल उचलली, चढवली, तपासली, मग लॅपटॉपवरची पुसली. कुठं अडखळला नाही, कुठं चुकला नाही. शेवटी नम्रपणे कळवलं की काम पूर्ण झालं आहे.

"एकदा पण थांबला नाही बघा," पद्मजा म्हणाली. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. मीही तिच्या डब्यातली भरली वांगी खात तिचं तोंड भरून कौतुक केलं.

मैदानाच्या तयारीला लागल्यावर कमिटीनं रेकॉर्डिंग मागितलं, तेव्हा तिनं क्लाउडवरचा फोल्डर उघडला. फोल्डर होता. आत काही नव्हतं.

"नेट नीट नाही वाटतं," ती म्हणाली. तिनं पुन्हा उघडला. मग माझ्याकडे पाहिलं.

मी एजंटच्या कामाची नोंद उघडली. प्रत्येक फाइलपुढे तीच ओळ होती. तात्पुरती: होय. तात्पुरती: होय. खालपर्यंत तेच.

"हे कुणी घातलं?" तिनं विचारलं.

"कुणी नाही. त्यानं नमुना जसाच्या तसा उचलला."

"पण खाली लिहिलं होतं की मी. कायम ठेवायची असेल तर..."

"लिहिलं होतंस. त्यानं वाचलंही. पण कायम ठेव असं त्याला सांगायचं आपल्या डोक्यातच आलं नाही. बापाचा आवाज कायम ठेवायचा हे काय सांगायला लागतं?"

"माणसाला नाही लागत," ती म्हणाली.

मी दोन दिवस जंग जंग पछाडलं. तात्पुरत्या फायली मागमूस न ठेवता पुसल्या गेल्या पाहिजेत, असं मीच ते टूल बांधलं होतं, आणि इतकं चोख काम मी आयुष्यात दुसरं केलं नसेल. लॅपटॉपवरही काही उरलं नव्हतं. मगदूम सरांनी नमुन्यातला 'होय' खोडून 'नाही' करवला. पद्मजानं तो स्वतःच्या हातानं बदलला.

मग ती पुन्हा स्कूटरवर बसली. या वेळी मीही मागे बसलो. स्टुडिओनं काम देऊन झाल्यावर आपल्याकडची प्रत पुसून टाकली होती. मोबाइलवाल्यांनी मोबाइल बदलले होते. कॅसेटवाल्या मावशींनी घर रंगवताना पेटी टाकून दिली होती. बापू स्पीकरवाला ओट्यावर तंबाखू मळत बसला होता.

"फिती? त्या दिल्या की भंगारात," तो म्हणाला.

"का दिल्या ओ बापूकाका?"

"आता गं! तूच म्हणालीस न्हवं, समदं नीट उतरवून घेतलंय म्हणून. तुझ्याकडं आलं म्हंजे देवाच्या पेटीत पडलं. मग माझ्याकडं कशाला धूळ खात ठेवू?" तिचा चेहरा पाहून तो मळायचा थांबला. "का? काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. "सहज विचारलं."

सगळीकडे हेच. ती जपते आहे म्हटल्यावर बाकीच्यांनी जपायचं सोडून दिलं होतं. शेवटी तिच्या आत्याच्या फोनवर, घरच्या ग्रुपमध्ये, एक छोटासा तुकडा सापडला. हलगीच्या गदारोळात अण्णांची दोन-तीन वाक्यं, तीही अर्धवट. एवढ्यावर मैदान कसं भागणार?

परतताना रंकाळा तलावाच्या कठड्यापाशी तिनं स्कूटर थांबवली.

"आगाशे, एवढ्यावरनं आवाज तयार करता येतो ना?"

मला ते माहीत होतं. ती विचारेल हेही माहीत होतं.

"येतो," मी म्हणालो. "पण पद्मजा, अण्णांना सांगून टाकू या. ते समजून घेतील."

"समजून घेतील," ती म्हणाली. "फेटा परत पेटीत ठेवतील आणि समजून घेतील. आणि खिडकी लावून घेतील. मला नाही बघवणार ते. तुम्ही मदत करणार की नाही एवढंच सांगा."

मी हो म्हणालो. तिच्या त्या चेहऱ्याला नाही म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

शब्दांची अडचण नव्हती. अण्णांचं निवेदन तिला लहानपणापासून तोंडपाठ होतं. जुन्या एका गाजलेल्या कुस्तीचं वर्णन तिनं जसंच्या तसं लिहून काढलं आणि यंत्रानं ते अण्णांच्या आवाजात म्हटलं. काय सांगू! तोच खर्ज, शेवटच्या शब्दाला तोच झटका. मगदूम सरांनी चष्मा काढून पुसला. आत्याबाईंना फोनवर ऐकवलं तर त्या रडायलाच लागल्या. पद्मजानं डोळे मिटून पुन्हा पुन्हा ऐकलं आणि म्हणाली, "हेच आहेत. अण्णाच आहेत." मला वाटलं, निभावलं.

मैदानाच्या दिवशी माणकेवाडी फुलून गेली होती. बैलगाड्या, ट्रॅक्टर, झाडावर माणसं, माडीवर माणसं. अण्णा गुलाबी फेटा बांधून आले तसे जुनेजाणते पैलवान येऊन त्यांच्या पाया पडले. नारळ झाला, शाल झाली. मग कमिटीवाले त्यांना स्टेजवरच्या खुर्चीत बसवायला लागले, पण अण्णांनी मान हलवली आणि थेट मागं बोट दाखवलं. आम्ही दोघं त्यांना धरून पार मागं घेऊन गेलो. पुढं खरंच नुसत्या टोप्या दिसत होत्या. अण्णा सतरंजीवर मांडी घालून बसले. एका बाजूला पद्मजा, दुसऱ्या बाजूला मी.

हलगी थांबली. कर्ण्यातून आवाज आला, "मंडळी, बसून घ्या, मागच्या माणसाला दिसंना झालंय."

मैदान एकदम शांत झालं. मग कुठून तरी शिट्टी आली, दुसरी आली आणि टाळ्यांचा कडकडाट उठला. आमच्या पुढचा एक म्हातारा पैलवान डोळ्याला धोतराचा सोगा लावून हुंदके द्यायला लागला. आवाज चालूच होता. पट काढला, वरचा खाली आला, खालचा निसटला, मातीला माती भिडली. न दिसणारी कुस्ती मला लख्ख दिसत होती. मी कडेनं पद्मजाकडे पाहिलं. ती कर्ण्याकडे नव्हे, अण्णांकडे बघत होती.

अण्णा मान पुढं काढून, एक कान कर्ण्याकडे करून ऐकत होते. गळ्यावरचा रुमाल श्वासागणिक हलत होता. एकदा त्यांनी कौतुकानं मान डोलावली. थोड्या वेळानं कपाळाला आठी पडली. निवेदन संपलं, पुन्हा टाळ्या पडल्या. अण्णांनी लेकीच्या मांडीवर थाप मारून ओठ हलवले.

पद्मजानं या वेळी ते मोठ्यानं म्हटलं नाही.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

अण्णांनी तिला कोपरानं ढोसलं आणि माझ्याकडे बोट केलं, याला सांग म्हणून. मग ती बोलली, माझ्याकडे न बघता.

"अण्णा म्हणतायत, हे पोरगं कोण?"

मी कर्ण्याकडे पाहिलं.

"म्हणतायत, माझ्यासारखा आवाज काढायला बघतंय. शब्द पण माझेच उचलल्यात. गळा गोड आहे." अण्णांचे ओठ भराभर हलत होते आणि ती एकेक वाक्य उचलून पुढं ठेवत होती. "पण त्याला म्हणावं, मधी श्वास घे. खाली पैलवान दम खातोय, तेव्हा वर बोलणाऱ्यानं पण दम खायचा असतो. मग मैदान पण त्याच्याबरोबर दम खातं. हा थांबतच नाही. याला कुणी शिकवलंच नाही."

अण्णांचा चेहरा उजळला होता. इतक्या महिन्यांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

"म्हणतायत, त्याला घरी घेऊन ये. मी शिकवतो. मी ओठ हलवीन, तू बोल. वर्षात तयार करतो."

हीच वेळ होती. ती सांगेल असं मला वाटलं. तिनं तोंड उघडलंही. अण्णा आशेनं तिच्याकडे बघत होते, एखाद्या वस्तादाला चांगला पठ्ठा सापडावा तसे.

"आणतो, अण्णा," ती म्हणाली.

तिला दोष द्यायची माझी आजही छाती होत नाही. तिच्या जागी मी असतो तर तेच म्हणालो असतो. पण त्या एका शब्दानं सगळे दरवाजे लागले. त्यानंतर अण्णा जितके दिवस होते तितके दिवस विचारत राहिले, आलं का ते पोरगं? आणि ती काही ना काही सांगत राहिली. पुढे तिनं आमच्याकडचं काम सोडलं. नमुने लिहिणं तर तिनं कायमचंच सोडलं. तिची पानं मात्र चांगली होती, ती अजून वापरात आहेत. दिवसाकाठी न जाणो किती एजंट ती वाचतात. या सगळ्याची हळहळ कुणाजवळ बोलून दाखवावी हे मला कधी समजलं नाही.

त्या दिवशी मात्र एवढं काहीच माहीत नव्हतं. पुढं शेवटची कुस्ती लागली, हलगी कडाडली, माणसं उठून उभी राहिली. अण्णांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी फेटा सारखा केला, रुमाल नीट बसवला आणि पुन्हा लेकीकडे वळून ओठ हलवले. या वेळी तिनं सांगायची गरज पडली नाही. मलाही ते ओठ वाचता आले.

"आता माझं लावतील न्हवं?"

कुस्ती निकाली झाली. विजयी पैलवानाला खांद्यावर घेऊन पोरं नाचत गेली. गाड्या जुंपल्या गेल्या, बापूची माणसं खांबावर चढून कर्णे उतरवायला लागली. पद्मजा बापाचा हात धरून मान खाली घालून बसली होती. मैदान पार रिकामं होईपर्यंत अण्णा सतरंजीवरून उठले नाहीत.